मयूरभंज संस्थान: कारभार खरंच इतका प्रगत होता का?

शिलालेख
नमस्कार मंडळी,
संस्थानांचा विषय निघाला की आपली गाडी बडोदा, कोल्हापूर, औंध, सांगली, फार तर ग्वाल्हेर-इंदूरपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. 'अटकेपासून कटकेपर्यंत' म्हणताना कटकाचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण कटकाच्या पाठीमागच्या डोंगराळ मुलखात जी दोन डझन संस्थानं होती, ज्यांना गढजात म्हणायचे, त्यांच्याबद्दल मराठीत फारच कमी बोललं जातं.

सध्या मी त्यातल्या मयूरभंजवर वाचतो आहे. आजचा ओडिशातला मयूरभंज जिल्हा म्हणजे जवळपास जुनं संस्थानच. क्षेत्रफळ ४,२४३ चौरस मैल, म्हणजे ओडिया संस्थानांत सर्वांत मोठं. राजधानी बारीपदा, त्याच्या फार आधीची खिचिंग. घराणं भंज, तोफांची सलामी ९. मधोमध शिमिलिपालचं जंगल, आणि प्रजेत संथाळ, 'हो' (हे जमातीचं नाव), भूमिज, बाथुडी, कोल्हा अशा आदिवासींचा फार मोठा वाटा.

श्रीरामचंद्र भंजदेवांच्या हाती १८९२ मध्ये कारभार आला. (आपल्या शाहू महाराजांना अधिकार मिळाले १८९४ मध्ये, म्हणजे दोघे अगदी एका काळातले.) त्यांनी लगेच स्टेट कौन्सिल नेमलं, जमिनीची मोजणी आणि महसूल आकारणी नव्याने करून घेतली, स्वतःची रेल्वे आणली, भूगर्भतज्ज्ञ पगारावर ठेवून खनिजं शोधली. १९०३ च्या डिसेंबरात कटकला उत्कल संमेलनाचं पहिलं अधिवेशन भरलं, ओडिया भाषिक मुलूख एका प्रांतात आणण्याची मागणी तिथून जोर धरू लागली, आणि त्याचे अध्यक्ष हेच होते. १९१२ मध्ये शिकारीतल्या अपघातात ते गेले, तेव्हा वय चाळीसच्या आसपास.

माझं मत स्पष्ट आहे: देशातल्या प्रगत संस्थानांच्या यादीत मयूरभंज वरच्या ओळीत हवं. तुम्हाला काय वाटतं? कोणी त्या भागात राहिलंय, फिरलंय?

गुळपोळी
छान विषय. एक शंका. बस्तरचे ते प्रवीरचंद्र भंजदेव, १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलीस गोळीबारात मारले गेले, ते याच घराण्यातले का?

शिलालेख
गुळपोळी, हो. बस्तरची गादी प्रफुल्लकुमारी देवींकडे होती. त्यांचं लग्न मयूरभंज घराण्यातल्या प्रफुल्लचंद्र भंजदेवांशी झालं. प्रवीरचंद्र त्यांचे चिरंजीव. बस्तरमध्ये भंजदेव हे आडनाव आलं ते असं, मयूरभंजहून.

मोडीलिपी
धाग्याबद्दल आभार. मराठ्यांचा भाग थोडा भरून काढतो, कारण पुढच्या सगळ्या कारभाराची चौकट तिथे सापडते.

१७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने नागपूरकर रघूजी भोसल्यांना बंगालच्या चौथाईपोटी सालाना १२ लाख रुपये कबूल केले आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द ठरली. ओडिशा व्यवहारात नागपूरच्या ताब्यात आलं. शिवभट साठे, भवानी पंडित, संभाजी गणेश, राजाराम पंडित असे सुभेदार कटकला बसून कारभार पाहायचे. त्यांच्या कारभाराचे दोन सरळ भाग होते. किनाऱ्याची सपाट, सुपीक जमीन म्हणजे मोगलबंदी, तिथे थेट वसुली. डोंगरातले राजे म्हणजे गढजात, त्यांच्याकडून ठरलेली पेशकश, म्हणजे खंडणी. राजाने पेशकश भरली की त्याच्या गढात काय चाललंय याची विचारपूस नाही. थकवली की फौज.

मयूरभंज अगदी सुवर्णरेखेच्या तोंडावर. १७६० नंतर पलीकडचं मेदिनीपूर इंग्रजांकडे, अलीकडे कटककर मराठे. दोन मोठ्या सत्तांच्या मधल्या राजाला दोन्हीकडे पाहूनच चालावं लागे आणि भंज राजे तसेच चालले. १८०३ मध्ये इंग्रजांनी कटक घेतलं, बाराभाटीचा किल्ला १४ ऑक्टोबरला पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी तो मुलूख रीतसर सोडला. त्या वेळी मयूरभंजला राणी सुमित्रादेवी राज्य करत होत्या. म्हणजे आपण ज्या लढाईला दुसरं इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो, तिच्या पूर्वेकडच्या टोकाला एक बाई गादी सांभाळत होती. हे आपल्या शालेय इतिहासात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजांनी मोगलबंदी-गढजात ही मराठ्यांचीच विभागणी पुढे चालवली. मोगलबंदीचे जिल्हे झाले, गढजातांची मांडलिक संस्थानं.

वऱ्हाडी_ठेचा
मोडीलिपी, वाचून छाती फुगली. नागपूरकरांचा कारभार पार समुद्रापर्यंत! पुरीच्या देवळासमोरचा अरुणस्तंभसुद्धा मराठ्यांच्याच काळात कोणार्कहून आणून उभा केला, हेही सांगून टाका.

मोडीलिपी
वऱ्हाडी, अरुणस्तंभाचं बरोबर. जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था आणि यात्रेकरूंची सोय मराठ्यांनी नीट ठेवली. पण बंगाल-ओडिशाच्या सीमेवरच्या गावांनी आपल्या स्वाऱ्यांत जे भोगलं तेही त्याच माणसांचं काम. बंगालात पोरांना झोपवायच्या अंगाईत आजही 'बर्गी', म्हणजे मराठे स्वार, येतात. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतील.

रानवाटा
धागाकर्त्याच्या मताशी असहमत. सविस्तर लिहिते.

कौन्सिल, रेल्वे, खाण ही सगळी यादी बारीपद्याच्या राजवाड्याच्या गच्चीवरून दिसणारी आहे. शिमिलिपालच्या पायथ्याच्या गावातून पाहिलं तर त्याच वर्षांत काय दिसतं? जंगल राखीव झालं. ज्या सालाच्या जंगलातून घराला लाकूड, जेवायला पानं, विकायला मध आणि राळ आणायची, तिथे आता पास लागू लागला. साल लाकडाच्या स्लीपरना रेल्वे कंपन्यांकडून मागणी होती आणि संस्थानच्या तिजोरीला ते उत्पन्न हवं होतं. वर बेठी, म्हणजे आपली वेठबिगार. साहेब आला, राजाची शिकार निघाली, की डोली उचलायला, हाकारे घालायला, रस्ता साफ करायला गावातली माणसं फुकट. राजघराण्यात लग्न निघालं की 'मागण', म्हणजे रयतेकडून वर्गणी. अधिकाऱ्यांच्या मुक्कामाला रसद. हे सगळ्या गढजातांत कमीअधिक प्रमाणात होतं.

आणि १९१७. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला मजूर पाठवायचे म्हणून लेबर कोअरची भरती निघाली. मयूरभंजच्या संथाळांना ते मान्य नव्हतं. समुद्रापलीकडे नेलेला माणूस परत येईल याची हमी कोण देणार? ते उठले आणि उठाव मोडायला फौज आणावी लागली. तिथे याला 'मेळी' म्हणतात. ज्या संस्थानात पंचवीस वर्षं उत्तम कारभार झाला, तिथल्या रयतेचा सरकारवर इतकाही विश्वास का नव्हता, हा माझा प्रश्न आहे.

अनाहूत
रानवाटाताईंना +१. 'प्रगत' कोणासाठी हे आधी ठरवा, मग यादी करा.

टाटानगरी
माझं सगळं शिक्षण जमशेदपूरला झालं. वडील कारखान्यात, घरात मराठी, गल्लीत बंगाली-हिंदी, आणि गणपतीला सगळी मराठी मंडळी एकत्र. त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा.

लोखंडाची गोष्ट सांगतो, कारण तिची सुरुवात आपल्याकडे होते. जमशेटजी टाटांचं मूळ लक्ष होतं चांदा जिल्ह्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर. लोहारा इथल्या लोहखनिजाबद्दल एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी १८८२ मध्ये वाचला होता. पुढे दोराबजी टाटा आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी तो भाग प्रत्यक्ष पालथा घातला. खनिज होतं, पण सलग मोठा साठा नाही आणि भट्टीला लागतो तसा कोळसा जवळ नाही. दोराबजी हा बेत सुटला हे सांगायला नागपूरला गेले. साहेब भेटायला वेळ होता म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले, आणि तिथल्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा गडद रंग दिसला. तेच डल्ली-राजहरा.

तो डल्ली-राजहरा आधी पाहून ठेवणारे प्रमथनाथ बोस. सरकारी भूगर्भ खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना मयूरभंजच्या महाराजांनी नोकरीत घेतलं होतं. गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना अफाट खनिज सापडलं आणि २४ फेब्रुवारी १९०४ ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी गेले, पण काम थांबलं नाही. गोरुमहिसाणी कोळशाला जवळ, कलकत्ता बंदराला जवळ. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमापाशी साकची गाव निवडलं, १९०७ मध्ये कंपनी निघाली, १९११ च्या अखेरीस पहिलं लोखंड बाहेर पडलं. तेच साकची १९१९ मध्ये जमशेदपूर झालं.

आता माझा मुद्दा. बोसांना नोकरीवर ठेवणं हा कारभाराचाच निर्णय होता. शेजारच्या कित्येक राजांच्या डोंगरातही खनिज होतं. ते शोधायला माणूस नेमायचं शहाणपण एकट्या मयूरभंजने दाखवलं. तेवढं श्रेय द्यायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे कोळसा जरा बरा निघाला असता तर टाटानगर चंद्रपुरात असतं! हे वाचून आज जेवण जाणार नाही.

रानवाटा
टाटानगरी, माहिती फार मोलाची. पण त्या खाणीत दगड फोडणाऱ्या, डोक्यावर टोपलीने वाहणाऱ्या बायका-पुरुष कोण होते? डोंगर त्यांचा, त्याची रॉयल्टी बारीपद्याला, पोलाद साकचीला. त्यांच्या वाट्याला रोजंदारी.

टाटानगरी
ताई, यावर वाद नाही. गोरुमहिसाणीला मी शाळेत असताना गेलो आहे. लाल धुळीचा रस्ता, रेल्वेच्या कडेने लाल पाण्याचे ओहोळ, आणि खाणीच्या अगदी टोकाशी संथाळांची घरं. मातीच्या भिंती इतक्या गुळगुळीत सारवलेल्या की हात फिरवावासा वाटतो. खाली काळा पट्टा, वर लाल आणि पांढरा. एवढं देखणं घर आणि आत वीज नव्हती, ही त्या वेळचीच गोष्ट.

रूळवेडा
रेल्वे आली का? मग मी आलो.

मयूरभंज स्टेट रेल्वे. रुंदी अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाईट आणि शकुंतलेची बहीणच. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या रूपसा जंक्शनपासून बारीपदा, ५२ किलोमीटर. २० जानेवारी १९०५ ला सुरू झाली. १९२० मध्ये बांगरीपोशीच्या पुढे तालबंदपर्यंत वाढवली. संस्थानने ही आपल्या पैशाने बांधली, हे महत्त्वाचं. नंतरच्या काळात तिचं ब्रॉडगेज झालं.

शिवाय खाणीची वेगळी लाईन होती, टाटानगरहून गोरुमहिसाणी-बदामपहाडकडे. त्या मार्गावर वर्षानुवर्षं मालगाडीच जास्त. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपतींनी बदामपहाडहून नव्या प्रवासी गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा त्या भागातल्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आता या दोन लाईनी नकाशावर पाहा. एक पूर्वेकडून बारीपद्याला येते, दुसरी उत्तरेकडून खाणीला. मध्ये शिमिलिपालचा डोंगर. संस्थानच्या आत, एका टोकाकडून दुसरीकडे जायला रेल्वे कधीच झाली नाही. दोन्ही लाईनी माल बाहेर न्यायला टाकल्या होत्या. रानवाटाताईंच्या मुद्द्याला माझ्याकडून हा रुळांचा पुरावा.

गुळपोळी
राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मूळच्या तिथल्याच ना? रायरंगपूर?

निमसरकारी
गुळपोळी, हो. गाव उपरबेडा, रायरंगपूरजवळ. आणि इथून मी मूळ विषयात शिरतो, कारण तीस-पस्तीस वर्षं महसूल खात्यात गेली आणि या धाग्यात 'कारभार' शब्द येतोय पण कारभार कसा चालायचा हे कोणी लिहिलेलं नाही.

संस्थानचे विभाग असे: सदर म्हणजे बारीपदा, बामणघाटी ज्याचं ठाणं रायरंगपूर, पंचपीड ज्याचं ठाणं करंजिया, आणि कप्तिपदा. आज जिल्ह्याचे उपविभाग पाहिले तर हेच चार. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी प्रांताधिकाऱ्यांच्या कचेऱ्या त्याच जागी आहेत. विभागणी कामाची नसती तर पुढच्या सरकारांनी ती केव्हाच मोडली असती.

यातल्या बामणघाटीचा इतिहास वेगळा आहे. 'हो' जमातीच्या लोकांचा मुलूख. १८३० च्या दशकात तिथल्या बंडाळीनंतर इंग्रजांनी हा भाग राजाच्या हातून काढून स्वतःच्या देखरेखीखाली घेतला आणि १८७८ मध्ये परत दिला. म्हणजे संस्थानच्या आतला एक मोठा तुकडा चाळीसेक वर्षं राजाकडे नव्हताच. ही आठवण श्रीरामचंद्रांच्या पिढीपुढे ताजी असणार. कारभार ढिला पडला तर साहेब मुलूख काढून घेतो, हे त्या घराने सोसलेलं होतं. १८९२ नंतरच्या झपाट्यामागे मला ही धास्ती दिसते.

गावपातळीवर प्रधान. आपल्या पाटलासारखा, पण एक मोठा फरक. प्रधानाकडे गावाचा ठेका असायचा. ठरलेला सारा वसूल करून भरायची जबाबदारी त्याच्या अंगावर, त्याबदल्यात वसुलीतला हिस्सा त्याचा. त्याच्यावर, अनेक गावांचा मिळून सरदार. आदिवासी गावांत प्रधान बहुतेक गावातलाच. मोजणी झाली, आकारणीची मुदत ठरली, प्रत्येकाच्या नावावर जमीन आली. सारा मनाला येईल तसा वाढवण्याला त्यामुळे आळा बसला, हे मी महसुली माणूस म्हणून मान्य करतो. पण मोजणीची दुसरी बाजूही आम्ही नोकरीत पाहिली आहे. डोंगर उतारावर आळीपाळीने पिकवायची जमीन, गावची सामाईक रानं, यांना सातबाऱ्यावर रकाना नसतो. मोजणी झाली की जे कागदावर बसत नाही ते सरकारजमा होतं. ते आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्यात झालं, तिथेही तेच झालं.

शिलालेख
निमसरकारी काका, असा प्रतिसाद मिळावा म्हणूनच धागा काढला होता.

रानवाटाताईंना उत्तर: १९१७ मध्ये संस्थान राजाच्या हाती नव्हतं. श्रीरामचंद्र १९१२ मध्ये गेले, त्यांचे चिरंजीव पूर्णचंद्र अज्ञान होते, त्यांना पूर्ण अधिकार १९२० मध्ये मिळाले. मधली आठ वर्षं देखरेख इंग्रजांची आणि भरतीचा आग्रहही त्यांचाच. मेळीचं पाप भंज कारभाराच्या माथी मारणं मला पटत नाही.

रानवाटा
हुकूम साहेबाचा होता, मान्य. पण तो गावात नेला सरदार-प्रधानांच्या त्याच साखळीने, जिचं काकांनी वर्णन केलं. साखळी वरून खालीच चालायची. गावाचं म्हणणं वर नेणारा कोणी त्यात नव्हता. कौन्सिलमध्ये एक तरी संथाळ असता तर मी वेगळं बोलले असते.

कोल्हापुरी_पायताण
इथे मात्र फरक दाखवायला हवा. मयूरभंजला झोडपताना शेजारी पाहा. १९३८ मध्ये धेनकानाळला प्रजामंडळाची चळवळ उसळली. ब्राह्मणी नदीच्या नीलकंठपूर घाटावर बाजी राऊत नावाच्या बारा वर्षांच्या नावाड्याच्या पोराने पोलिसांना नावेतून पलीकडे न्यायला नकार दिला आणि त्याला गोळी घातली. त्याच सुमारास तालचेरची रयत छळाला कंटाळून घरंदारं सोडून हजारोंनी शेजारच्या इंग्रजी मुलखात, अंगुलला जाऊन राहिली. जानेवारी १९३९ मध्ये रणपूरला जमावाने पोलिटिकल एजंट मेजर बॅझलगेटला ठार केलं, त्यापायी रघुनाथ मोहंती आणि दिवाकर परिडा फासावर गेले.

या ओळीत मयूरभंज कुठे बसतं? प्रजामंडळ तिथेही होतं, पण संस्थान पेटलं असं झालं नाही. प्रतापचंद्र भंजदेव १९२८ पासून गादीवर होते. दिवाणपदी १९४० नंतर काही काळ क्षितीशचंद्र नियोगी होते, जे पुढे देशाच्या पहिल्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. असा माणूस बोलावून आणणं हा राजाच्या निवडीचाच भाग.

सावली
सगळे भांडताहेत तोवर मी तिथल्या छाऊ नाचाबद्दल लिहून घेते, नाहीतर राहून जाईल.

चैत्रपर्वाला बारीपद्यात छाऊ पाहिलाय. शहरात दोन गट, उत्तर साही आणि दक्षिण साही. संस्थानकाळी राजघराण्यातली माणसं दोन्ही गटांची पाठराखण करायची आणि चैत्रात स्पर्धा लागायची. खर्च राजाचा, उस्ताद राजाच्या पदरी. सराईकेला आणि पुरुलियात मुखवटे असतात, मयूरभंजात नाहीत. उघडा चेहरा, पण चेहरा हलत नाही. सगळं पायांत आणि छातीत. धुमसा वाजायला लागला की जमिनीतून थरथर पोटात येते, मोहुरीचा सूर वर चढतो आणि ढाल-तलवार घेतलेले नर्तक एका पायावर तोल धरून थांबतात, आणि सगळं मैदान श्वास रोखतं. १९१२ च्या जानेवारीत पंचम जॉर्जसमोर कलकत्त्याला हाच नाच झाला होता.

नाचणारे कोण होते हे बघा. पाईक, शेतकरी, भूमिज, इतर मागास मानल्या गेलेल्या जाती. राजाच्या अंगणात राजाची पोरं आणि ही पोरं एकाच उस्तादाकडे शिकली. कारभाराच्या हिशेबात हे कुठे धरायचं मला कळत नाही, पण धरायला हवं.

अनाहूत
सावली, सुंदर लिहिलंस. बारीपद्याच्या रथयात्रेत सुभद्रेचा रथ फक्त बायका ओढतात ना?

सावली
हो, १९७५ पासून. तो संस्थानकाळ नव्हे, पण प्रथा तिथलीच.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर: खायचं काय तिथे?

टाटानगरी
मुढी-मांस! चुरमुऱ्यांवर झणझणीत मटणाचा रस्सा. आणि लाल मुंग्यांची चटणी, 'काई'. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

रानवाटा
आमच्या गडचिरोलीच्या सीमेवर आणि बस्तरात तीच चापडा. आंबट, जिभेला चटका देणारी. ताप आला की आवर्जून करतात.

वऱ्हाडी_ठेचा
गडचिरोलीचं नाव निघालं म्हणून सांगतो, शिमिलिपालला आमच्या ताडोब्याच्या दोन वाघिणी गेल्यात. जमुना आणि झीनत, २०२४ च्या शेवटी. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून बंगालात बांकुड्यापर्यंत गेली आणि २९ डिसेंबरला तिला पकडून परत आणली. चंद्रपूरची लेक सासरी रमायला वेळ घेणारच. शिमिलिपालचे ते रुंद काळ्या पट्ट्यांमुळे काळसर दिसणारे वाघ नात्यातल्या नात्यात झालेल्या प्रजननातून वाढले, म्हणून बाहेरचं रक्त हवं होतं.

रूळवेडा
मंडळी, विलीनीकरण राहिलंच की.

कोल्हापुरी_पायताण
ते मी लिहितो, तारखा पाठ आहेत.

१४ नोव्हेंबर १९४७ ला नीलगिरी संस्थानचा ताबा बालासोरच्या कलेक्टरने घेतला. मग सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन कटकला आले. १४ डिसेंबरला ओडिया राजांनी सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी हीच मंडळी नागपुरात, तिथे छत्तीसगडच्या राजांच्या सह्या. १ जानेवारी १९४८ पासून ही संस्थानं गेली. आमची दक्षिणी संस्थानं ८ मार्च १९४८ ला, म्हणजे त्यांच्यानंतर.

पण कटकच्या त्या बैठकीत मयूरभंजने सही केली नाही. महाराजांनी सांगितलं, मी माझ्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली आहे, मंत्रिमंडळाला विचारल्याशिवाय मी सही कशी करू? खरोखरच शरच्चंद्र दासांचं लोकनियुक्त मंत्रिमंडळ तिथे आलं होतं. जेमतेम वर्ष ते राज्य चाललं. तिजोरीची ओढाताण झाली, मंत्रिमंडळ आणि महाराज दोघांनीही विलीनीकरण कबूल केलं. १७ ऑक्टोबर १९४८ ला करार, १ जानेवारी १९४९ ला मयूरभंज ओडिशात. कोल्हापूर त्यानंतर दोन महिन्यांनी, १ मार्चला मुंबई राज्यात.

मला ती नाही म्हटलेली सही फार मोठी वाटते. पटेलांसमोर बसून 'आधी माझ्या मंत्र्यांना विचारतो' म्हणणारे राजे किती होते?

रानवाटा
पायताणदादा, तारखा बरोबर, पण त्याच तारखांना आणखी काही घडलं. १ जानेवारी १९४८, शेजारच्या खरसावाँचा आठवडी बाजार. ओडिशात विलीन व्हायला विरोध करायला हजारो आदिवासी जमले होते. ओडिशाच्या सशस्त्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किती मेले याचे आकडे आजही जुळत नाहीत. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि झारखंडात १ जानेवारीला लोक नवं वर्ष साजरं करण्याआधी तिथे जातात. त्याच वर्षी मे महिन्यात सराईकेला आणि खरसावाँ बिहारला जोडले.

मयूरभंजच्या संथाळांचाही ओडिशात जायला विरोध होता, त्यांना झारखंड हवं होतं. १९४९ मध्ये तिथेही गुंडुरिया इथे गोळीबार झाला. राजाने मंत्र्यांना विचारलं, मंत्र्यांनी प्रजामंडळाला विचारलं, प्रजामंडळ बारीपद्यातलं. शिमिलिपालच्या गावाला पुन्हा कोणीच विचारलं नाही.

मोडीलिपी
हा धागा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. नागपूरकर सुभेदाराचा हिशेब होता, पेशकश आली की आतलं तुम्ही पाहा. इंग्रजांनी तोच ठेवला. श्रीरामचंद्रांनी 'आतलं' सुधारलं, पण गावाशी त्यांनी तेच केलं: प्रधानाने सारा भरला की गावातलं गावाने पाहावं. निमसरकारींच्या प्रतिसादातला ठेका हा त्या पेशकशीचाच धाकटा भाऊ. त्यामुळे संस्थान प्रगत होतं हे खरं, आणि त्या प्रगतीची पायरी बारीपद्यापासून दोन-तीन दिवसांच्या चालीवर संपत होती हेही खरं.

शिलालेख
मोडीलिपी, यावर माझं उत्तर असं. मी 'प्रगत' हा शब्द मागे घेणार नाही. कटकचं मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आजही श्रीरामचंद्र भंजांच्या नावाने चालतं, खिचिंगच्या ढासळलेल्या देवळाचे सुटे दगड गोळा करून किचकेश्वरीचं मंदिर पुन्हा उभं केलं ते प्रतापचंद्रांच्या काळात, संस्थानची स्वतःची बँक होती. हे आपोआप होत नाही. पण रानवाटाताईंचं एक म्हणणं मी माझ्या लेखात घेतो आहे: प्रत्येक सुधारणेपुढे ती कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या मजुरीवर झाली, हे लिहायचं. १९१७ वर मी अजूनही माझ्या जागी आहे.

रानवाटा
राहा की. मी माझ्या जागी आहे. लेख टाकाल तेव्हा पुन्हा बोलू.

गुळपोळी
खिचिंगला जायचं तर कसं जायचं?

टाटानगरी
करंजियाहून जवळ पडतं. मंदिर काळ्या क्लोराइट दगडाचं आहे, आणि शेजारच्या छोट्या संग्रहालयातल्या मूर्ती चुकवू नका. हिवाळ्यात जा, पावसाळ्यात शिमिलिपाल बंद असतं. आणि जशिपूरला थांबा, सरोजराज चौधरींनी खैरी वाघीण घरात वाढवली ती तिथेच.

निमसरकारी
जाताना वाटेत एखाद्या गावात प्रधानाचं घर विचारा. आता अधिकार नाहीत, पण कुठलं घर ते म्हातारी माणसं दाखवतील. कोणाला जुने पट्टे किंवा संस्थानचे शिक्के असलेले कागद पाहायला मिळाले तर फोटो इथे टाका, वाचायचा प्रयत्न मी करतो. ओडिया वाचणारं कोणी असेल तर हात वर करा.